अप्पा नावाचा ठिपका

त्या घरात फोनची उतरंड होती आणि ती नवऱ्याने रचली होती. दर दोन वर्षांनी नवा फोन यायचा तो थेट त्याच्या हातात. का, तर तो जमीन मोजणारा. माळावर, खाणीत, भर उन्हात नकाशे उघडावे लागतात, तिथे जुना फोन दगा देतो. त्याचा दोन वर्षं वापरलेला फोन बायकोकडे उतरायचा. बायकोचा चार वर्षांचा झालेला तिच्या वडिलांकडे, म्हणजे अप्पांकडे. आणि अप्पांचा सहा वर्षांचा म्हातारा घराबाहेर. "यात काहीही वाया जात नाही," असं नवरा मोठ्या अभिमानाने सांगायचा. सगळ्यात वरच्या मडक्याला असं बोलायला काय जातं म्हणा.

गेल्या खेपेला अप्पांनी ही उतरंड अडवली होती. त्यांच्या फोनला खाली एक गोल बटण होतं. ते दाबलं की पडदा उजळायचा, हिरव्या खुणेवर बोट टेकवलं की लेक बोलायची. एवढं त्यांना पक्कं येत होतं. नवीन काही शिकवलं तर संध्याकाळपर्यंत ते डोक्यातून पुसलं जायचं, कारण विसरण्याचा आजार तोवर घरात हातपाय पसरून बसला होता. तिने नवऱ्याला निक्षून सांगितलं, "त्यांचा फोन त्यांच्याकडेच राहू द्या." तो राहिला. आठ वर्षांचा झाला. मग मागच्या आठवड्यात त्याची बॅटरी फुगली आणि पाठ अशी उचलली गेली की फटीत नख जाईल.

"हा आता फोन नाही, फटाका आहे," नवरा म्हणाला.

रविवारी संध्याकाळी नवा फोन आला आणि जेवणाच्या टेबलावर अदलाबदल झाली. नवऱ्याने टाचणीने सिमकार्डं काढली, इकडची तिकडे घातली आणि जाहीर केलं, "झालं. ज्याचा नंबर त्याच्याकडे. सगळं जिथल्या तिथे." अप्पा शेजारी बसून बघत होते. यातला आपला फोन कोणता, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा कुणीतरी बोटाने दाखवलं, पण समोर बसून समजावलं कुणीच नाही.

सोमवारी दुपारी पावणेदोनला ती कामावर होती. ती कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावर मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात बसवायचा. त्या दिवशी वरच्या कवळीचे समोरचे सहा दात बसवून झाले होते आणि ती सातवा चिमट्यात धरून होती, तेवढ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. काकू घरीच शिलाई करायच्या आणि दार उघडं ठेवून अप्पांवर लक्ष ठेवायच्या.

"अगं, अप्पा तुझ्याकडे आलेत का?"

चिमटा तिच्या हातातून सुटला.

"माझ्याकडे कसे येतील, काकू? घरात नाहीत?"

"बॉबिन भरायला आत वळले गं मी. फार तर दहा मिनिटं. बाथरूम बघितलं, गच्ची बघितली, खालचं दुकान बघितलं. चपला नाहीत त्यांच्या." काकू रडकुंडीला आल्या होत्या. "माझंच चुकलं."

मागच्या वर्षी अप्पा एकदा असेच निघून गेले होते. पाच तासांनी सापडले ते उघड्या नाल्याच्या काठावर, पाय खाली सोडून बसलेले. आणखी वीतभर पुढे सरकले असते तर संपलंच होतं. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुन्हा गेले, तर पहिल्या दोन तासांत शोधायचं. त्यानंतर ते थकतात, आणि थकलेला म्हातारा पाऊल कुठे टाकतो हे बघत नाही." तिने घड्याळ बघितलं. पावणेचारपर्यंत.

तिने अप्पांना फोन लावला. घंटी वाजली, वाजत राहिली, थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग तिला ठिपके आठवले.

नवऱ्याने घरच्या फोनांवर एक ॲप घालून ठेवलं होतं. नकाशावर प्रत्येकाचा ठिपका आणि ठिपक्यापाशी नाव. नावंही त्यानेच ठेवलेली. स्वतःचं 'साहेब', तिचं 'राणीसरकार', आणि अप्पांचं नुसतं 'अप्पा', कारण सासऱ्यांची थट्टा करायची हिंमत त्याला अजून झाली नव्हती. तिने 'अप्पा'वर बोट टेकवलं. नकाशा गरकन फिरला आणि ठिपका दिसला तो शहराच्या बाहेर, मोठ्या रस्त्यावर. ती बघत असतानाच तो गायब झाला आणि पुढच्या पुलापाशी उगवला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस एवढा चालत नाही. एवढा धावतही नाही. म्हणजे अप्पा कुणाच्या तरी गाडीत होते.

मेण वितळवायचा दिवा तसाच जळता ठेवून ती जिना उतरली, तेव्हा मागून सहकारी बाई ओरडत होती की अंगातला एप्रन तरी काढ.

टॅक्सीत बसल्या बसल्या तिने नवऱ्याला फोन लावला. तो खाणीवर होता, संपर्काच्या बाहेर. नवाकोरा फोन घेऊन संपर्काच्या बाहेर, हे तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला त्याचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मग तिने पोलिसांना फोन केला. पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं, "अंगात कपडे काय आहेत?" आणि तिला सांगता येईना. सकाळी ती घाईत निघाली होती. अप्पा पाठमोरे खिडकीशी उभे होते. शर्ट पांढरा होता की निळा? ज्या माणसाला आपण रोज बघतो त्याच्या शर्टाचा रंग आपल्याला माहीत नाही, याची तिला भयंकर शरम वाटली.

"मोठ्या रस्त्यावर आहेत, कुणीतरी गाडीत घालून नेलंय," ती म्हणाली. "फोन वाजतोय, पण उचलू देत नाहीत."

"त्या रस्त्यावरच्या चौकीला कळवते," बाई म्हणाली.

ती फोन लावत राहिली. दर वेळी घंटी वाजायची आणि दर वेळी तिच्या डोळ्यांपुढे नवं काहीतरी उभं राहायचं. कुणीतरी अप्पांचा हात धरून ठेवलाय. अप्पा मागच्या सीटवर आडवे पडलेत. अप्पा विचारतायत की आपण कुठे चाललोय, आणि समोरचा माणूस हसतोय. तिने मोजलं नाही, पण वीस-पंचवीस वेळा तरी लावला असेल.

टॅक्सीवाला आरशातून बघत होता. त्याचा स्वतःचा फोन समोर चिकटपट्टीने बांधलेला, काचेला तीन तडे. "ताई, कुणाला एवढं लावताय?"

"वडलांना."

त्याने गाडी जोरात काढली.

अर्ध्या तासाने ठिपका थांबला. कारखान्यांच्या वस्तीत, एका लांबलचक पत्र्याच्या शेडवर. टॅक्सी दारात उभी राहण्याआधीच तिने उडी टाकली. आत दोन्ही बाजूंना पोती, पिंपं, आणि मधल्या टेबलांवर फोनचे ढीग. शेकडो फोन, हजारो असतील. हातमोजे घातलेली एक जाडजूड बाई ते निवडत होती, डाळीतले खडे निवडावेत तसे.

"एका म्हाताऱ्या माणसाला आणलंय का इथे?" ती ओरडली.

निवडणारीने मान वर केली. "इथे माणसं नाही येत बाई. फोन येतात."

तिने ॲपमधली घंटी वाजवायची खूण दाबली. कोपऱ्यातून, वाळूने भरलेल्या लोखंडी बादलीतून, दबलेला आवाज आला. ती धावली आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागली.

"अहो, हात घालू नका! फुगलेले आहेत ते, पेट घेतील!"

पण फोन तिच्या हातात आला होता. अप्पांचा फोन. गोल बटण, कोपऱ्यातला चरा, उचललेली पाठ. तिला वाटलं, त्यांना कुठेतरी फेकलं आणि फोन विकला. ती त्या बादलीपाशीच खाली बसली.

"तो तुमचा आहे का?" निवडणारी जवळ आली. "सकाळच्या फेरीत आला. जुने फोन गोळा करणारी आमची गाडी चौकात उभी होती तिथे एक साहेब हातात देऊन गेले. फुगलाय, जपा म्हणाले. बंद करून द्यायचं काही त्यांना सुचलं नाही. दिवसभर आमच्या गाडीबरोबर गावभर फिरला बघा."

"साहेब?"

"गळ्यात मोजायची टेप अडकवलेले. घाईत होते."

तिने बादलीच्या काठाला घट्ट धरलं. नवऱ्याने सकाळी जाता जाता फोन देऊन टाकला होता. यात सिमकार्डही नव्हतं.

"सिम नसताना हा नकाशावर कसा दिसतो?"

"आमच्या खिशात फोन आहेत ना. त्यांना याची चाहूल लागते, ते याचा पत्ता कळवतात. माणसांपेक्षा चुगलखोर असतात मेले." निवडणारीने फोन तिच्या हातातून अलगद काढून पुन्हा वाळूत ठेवला. "आठ वर्षांचा असेल ना हा? इथे येतात ते बहुतेक दोन-अडीच वर्षांचे, चांगले धडधाकट. लोकांना नवा हवा असतो. असा झिजलेला महिन्यातून एखादा. बटणावरचा अंगठ्याचा ठसा बघा. कुणीतरी फार मायेने वापरलाय."

तिचं तिकडे लक्ष नव्हतं. रविवारपासून अप्पांचा नंबर होता तिच्या जुन्या फोनमध्ये. वाजत होता तो तोच. पण ठिपक्यांची नावं नंबराला नव्हती चिकटलेली, फोनला होती. आणि नवऱ्याने ती बदलली नव्हती, आणि तिनेही विचारलं नव्हतं. घाबरलेलं माणूस नाव वाचतं आणि धावत सुटतं. तिने यादी खाली ओढली.

'अप्पा' इथे, बादलीत. 'साहेब' इथे, तिच्याच हातात. आणि 'राणीसरकार' दूर, शहराच्या जुन्या भागात, एकाच जागी थांबलेली. शेजारी लिहिलं होतं: बॅटरी अकरा टक्के.

राणीसरकार म्हणजे ती स्वतः. आणि ती तर इथे बसली होती.

तिने नकाशा मोठा केला. गल्ली ओळखीची निघाली. कोपरा ओळखीचा. इमारतही. अकरा वर्षं तिचं कामाचं ठिकाण त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. दीड वर्षापूर्वी इमारत रिकामी केली, कारण ती पाडायची होती. गेल्याच महिन्यात ती त्या रस्त्याने गेली होती. खिडक्या काढून नेलेल्या. जिन्याचे कठडेही कापून नेलेले, लोखंडाला भाव येतो म्हणून. आत नुसत्या पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या कडेला मोकळी पोकळी.

दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटं. परत जायला चाळीस मिनिटं.

टॅक्सी उलटी वळली. तिने पोलिसांना पुन्हा फोन केला. "आधी तुम्ही मोठा रस्ता म्हणालात," पलीकडची बाई म्हणाली, रागाने नाही, नुसतं लिहून घेताना. "गाडी तिकडेच गेलीये. वळवते, पण वेळ लागेल." काकूंना सांगून उपयोग नव्हता, काकूंचे गुडघे त्यांना रस्ता ओलांडू देत नव्हते.

तिने सवयीने अप्पांचा नंबर काढला आणि बोट हवेतच थांबलं. नऊ टक्के. चार वर्षांच्या फोनची बॅटरी कशी पडते हे तिच्याइतकं कुणाला माहीत? दहाच्या खाली आली की बघता बघता घसरते आणि कुठल्याही आकड्यावर मान टाकते. सकाळी तो भरलेला होता. तो रिकामा तिनेच केला होता, एकेक घंटी वाजवून. फोन मेला की ठिपका मेला, आणि अप्पा तिथून हलले तर कुठे शोधायचं? म्हणून ती गप्प बसली. ज्या माणसाच्या आवाजासाठी जीव तुटतोय त्याला फोन न लावता चाळीस मिनिटं बसून राहायचं. असं भय तिला जन्मात कधी वाटलं नव्हतं. तिने एप्रनचं टोक दातांत धरलं. सात टक्के. पाच.

"ताई, श्वास घ्या," टॅक्सीवाला म्हणाला.

इमारतीभोवती पत्रे ठोकले होते. एक पत्रा वाकवून माणूस जाईल एवढी फट केलेली होती. पाडकाम करणारे आज फिरकलेच नव्हते, आत शुकशुकाट. उन्हाचा पट्टा वरून, जिथे छप्पर असायला हवं तिथून, सरळ तळापर्यंत येत होता.

"अप्पा!"

आवाज भिंतींवर आपटून परत आला. मजला कोणता? ठिपका ते सांगत नाही. तो फक्त सांगतो, इथे. तीन टक्के. तिने नंबर लावला.

वर, खूप वर, तिचीच जुनी रिंग वाजली. आणि लगेच चपला घासल्याचा आवाज. घाईघाईने. मातीचा एक पोपडा तिच्या खांद्यावर पडला. तिने वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या पोकळीच्या काठाबाहेर दोन चपलांची टोकं आली होती.

"आलो, आलो, थांबा जरा," अप्पा कुणाशी तरी बोलत होते आणि टोकं आणखी पुढे सरकली.

तिने फोन बंद केला. रिंग थांबली. टोकंही थांबली.

आता हाक मारली तर ते वाकून बघतील. म्हणून तिने हाक मारली नाही. चपला काढून हातात घेतल्या आणि भिंतीला पाठ घासत वर निघाली. पहिला मजला. दुसरा. दुसऱ्यावर तीन पायऱ्या अर्ध्याच उरल्या होत्या. त्यावरून सत्तरी ओलांडलेला आपला बाप एकटा गेला, हा विचार तिने तिथेच गिळला, नाहीतर तिला पुढे पाऊल टाकता आलं नसतं. तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा अप्पा तिच्याकडे पाठ करून उभे होते. शर्ट फिकट हिरवा होता. चपलांची टोकं अजून काठाबाहेरच होती.

"अप्पा," ती रोजच्या आवाजात म्हणाली, जितका रोजचा तिला काढता आला तितका, "जरा भिंतीकडे सरका हो. मला जायला जागा द्या."

"हो, हो," म्हणून ते भिंतीकडे सरकले. पुढच्या क्षणी तिने त्यांचं मनगट पकडलं, आणि दुसऱ्या हाताने शर्ट, आणि मग अख्ख्या अप्पांनाच कवेत घेऊन ती खोलीच्या आत, काठापासून लांब, जमिनीवर बसली. ती रडत होती आणि तिला ते थांबवताही येत नव्हतं.

"अगं, काय झालं?" अप्पा घाबरले. "कुणी बोललं का कामावर?"

"तुम्ही इथे का आलात, अप्पा?"

"तुझा फोन द्यायला." त्यांनी रुमालात गुंडाळलेला फोन काढला. तिचा जुना, जांभळ्या कव्हरचा. "टेबलावर विसरून गेलीस. फोनाशिवाय दिवसभर काय करशील, म्हटलं नेऊन द्यावा. पण इथलं दारच कुणी नेलंय गं. कुठल्या दारावर थाप मारू?"

"वाजत होता ना तो? उचलायचा होतात."

"दुसऱ्याचा फोन कसा उचलायचा?" अप्पांना हे विचारणंच पटलं नाही. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "मी परत फिरणार होतो बघ. तू नाहीस म्हटल्यावर थांबून काय उपयोग? पण तो सारखा वाजायला लागला. सारखा. मला कळलं, कुणाचं तरी माणूस हरवलंय आणि त्यांना तुझी मदत हवीये. अशा वेळी निघून कसं जायचं? म्हणून थांबलो. मग एकदम वाजायचा बंद झाला. तेव्हा फार भीती वाटली गं मला. म्हटलं, तिकडे काय झालं असेल."

ती आणखीच रडू लागली.

"रडतेस काय? आधी त्या माणसाला फोन लाव." त्यांनी फोन तिच्या हातात कोंबला. "लाव म्हणतो ना."

पडद्यावर दोन टक्के होते आणि एकाच नंबराच्या सव्वीस हुकलेल्या घंट्या. तिने तो नंबर दाबला. तिच्या एप्रनच्या खिशात फोन वाजू लागला. अप्पांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, श्वास रोखून.

"सापडलं का गं त्यांचं माणूस?"

"सापडलं, अप्पा."

अप्पांनी मोठा सुस्कारा सोडला आणि भिंतीला डोकं टेकवलं.

"मग सांग त्यांना," ते म्हणाले, "पुन्हा असं एकट्याला सोडू नका म्हणावं."